उपकेंद्रातली लाल गोळी: फुकटची आहे म्हणून हलकी नाही

मराठवाड्यात 'अंगात रक्त नाही' असं निदान झालं की पुढं दोन वाटा फुटतात. एक गावच्या उपकेंद्राकडे जाते. तिथं सिस्टर किंवा आशाताई लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं हातावर ठेवते. दुसरी तालुक्याच्या मेडिकलकडे. तिथून चकचकीत स्ट्रिप आणि सोबत टॉनिकची बाटली घरी येते. पैसे मोजावे लागले तरी बहुतेक घरांचा कल दुसऱ्या वाटेकडे असतो. सरकारी गोळी घरी येते, फळीवर बसते आणि मुदत संपली की उकिरड्यावर जाते. ही परीक्षा त्याच गोळीची. मत आधीच सांगून टाकतो: औषध म्हणून ती चोख आहे, वाटपाची पद्धत जेमतेम आहे, आणि घ्यायची आपली पद्धत तर पार चुकीची.

गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. लोह फेरस सल्फेटच्या रूपात. हे लोहाच्या जुन्या आणि भरपूर तपासलेल्या औषधांपैकी एक आहे. २०१८ मध्ये 'ॲनिमिया मुक्त भारत' ही सरकारी मोहीम सुरू झाल्यापासून रंगांची विभागणी पक्की झाली. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह. १० ते १९ वयाला शाळेत किंवा अंगणवाडीत मिळते ती निळी आणि बायांना मिळते ती लाल. या दोन्हींत लोह तेवढंच, ६० मिलिग्रॅम. म्हणजे घरात पोरीची निळी आणि आईची लाल यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही, फरक रंगाचाच आहे. ६ महिने ते ५ वर्षांच्या लेकरांना सिरप: आठवड्यातून दोनदा १ मिली, त्यात २० मिलिग्रॅम लोह. लेकरू तापानं फणफणलेलं असेल, जुलाब चालू असतील किंवा ते अतितीव्र कुपोषित असेल, तर तेवढ्या काळात सिरप थांबवायचं असतं. हे बाटली हातात देताना क्वचितच सांगितलं जातं.

गरज किती मोठी आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांमध्ये आणि ५ वर्षांखालच्या ६८.९ टक्के लेकरांमध्ये रक्त कमी निघालं. म्हणजे दोन बायांत एकीला तरी ही गोळी लागू आहे.

आता मेडिकलवरच्या स्ट्रिपशी तुलना. तिथं सगळ्यात जास्त खपतं ते फेरस ॲस्कॉर्बेट. ओरोफर एक्सटी घ्या किंवा तसल्या डझनभर नावांतली कुठलीही. बहुतेकींत १०० मिलिग्रॅम लोह आणि १.५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पोटाला ती काहींना जरा सोसते, हे खरं. पण रक्त वाढवण्याच्या कामात ती लाल गोळीच्या कोसभर पुढं आहे, असं समजायला आधार नाही. लेबल वाचताना एकच शब्द शोधा: 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे निव्वळ लोह. क्षाराचं वजन आणि लोहाचं वजन वेगळं असतं. फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण ३३ टक्के, ग्लुकोनेटमध्ये १२ टक्के. त्यामुळे '३०० मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेट' हे भारदस्त वाटलं तरी आत लोह ३६ मिलिग्रॅमच. उलट लाल गोळीवर लिहिलेले ६० हे निव्वळ लोहाचे आहेत. मेडिकलचीच घ्यायची असेल तर जनऔषधी केंद्रात जा आणि नाव नको, घटक सांगा.

टॉनिकच्या बाटल्यांबद्दल मत कडक आहे. पुष्कळ बाटल्यांत १५ मिलीला ३०-३५ मिलिग्रॅम लोह भरतं, म्हणजे दोन मोठे चमचे प्यायल्यावर कुठं एका लाल गोळीची बरोबरी. गोडी आणि रंग यांचे पैसे आपण मोजतो. गोळी गिळता न येणारी म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोडली तर बाटलीची गरज पडत नाही. मुलांनाही सिरप द्याल तेव्हा ड्रॉपर जिभेच्या मागच्या बाजूला टेकवा आणि नंतर पाणी पाजा, नाहीतर दातांवर काळी झाक चढते. ती घासल्यावर निघते, पण तिला घाबरून औषधच बंद करणारी घरं आहेत.

आता मुख्य गोष्ट, घ्यायची पद्धत. लाल गोळीला नावं ठेवली जातात त्यातली निम्मी नावं चहाला ठेवायला हवीत. सकाळी चहा-बटर, त्यावर गोळी. किंवा जेवून उठलं की गोळी आणि लगेच चहा. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यात धरून ठेवतं आणि निम्म्याहून अधिक लोह न जिरताच बाहेर जातं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीतलं फायटेट आणि दुधातलं कॅल्शियमही हेच करतं. म्हणून गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध नको. पहाटे चहाशिवाय ज्यांचं चक्र सुरू होत नाही, त्यांनी सकाळचा हट्टच सोडावा. रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपायच्या आधी गोळी घ्यावी. मळमळ झाली तरी ती झोपेत निघून जाते. गोळीसोबत पाणी, त्यात अर्धं लिंबू पिळलं तर उत्तम. एखादा आवळा किंवा पेरूची फोडही चालते. आंबटातलं क जीवनसत्त्व लोह जिरायला मदत करतं.

गरोदर बायांच्या बाबतीत एक चूक ठरल्यासारखी होते. त्यांना लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच दिवशी, एकाच पिशवीत मिळते आणि त्या दोन्ही एकाच घोटात जातात. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असतं. ते सकाळ-दुपारच्या जेवणासोबत घ्या आणि लोहाची गोळी रात्री. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. पित्ताच्या गोळ्या, म्हणजे पँटोप्राझोल वगैरे, आपल्याकडे फुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात. पोटातलं आम्ल कमी झालं की लोहही कमी जिरतं. ती गोळी खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारा.

दुसरी मोठी चूक डोसाची. आठवड्याला एक लाल गोळी ही राखणीची आहे, रक्त कमी होऊ नये म्हणून. रक्त कमी झाल्यावर तिनं काम भागत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली गेलं तर तो ॲनिमिया, आणि मग रोजचा उपचार लागतो. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, निदान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर रोज दोन गोळ्या. किशोरवयीन मुलामुलींनाही सौम्य-मध्यम ॲनिमियात रोज दोन गोळ्या, तीन महिने. ९ हिमोग्लोबिन असलेल्या बाईच्या हातात 'दर सोमवारी एक घ्या' म्हणून चार गोळ्या पडतात आणि चार महिन्यांनी तीच बाई 'सरकारी गोळीनं फरक पडला नाही' म्हणते. तिचं म्हणणं खोटं नाही, पण दोष गोळीचा नाही.

इतके महिने का लागतात, याचा हिशोब मांडून बघा. शरीरात किती लोह भरायचं ते काढायची डॉक्टरांची एक रीत आहे: वजन गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. ५० किलोची बाई, हिमोग्लोबिन ८, न्यायचं १२ वर. म्हणजे ५० × ४ × २.४ = ४८०, अधिक ५००, एकूण ९८० मिलिग्रॅम. गोळीतलं सगळं लोह रक्तात जात नाही. रोज १० मिलिग्रॅम जिरलं असं धरलं तरी तीन महिन्यांहून जास्त काळ झाला. त्यात दर पाळीला थोडं लोह वाहून जातं ते वेगळंच. आणि त्या बेरजेतले निम्मे नुसत्या साठ्याचे आहेत. दीड-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन १२ ला टेकतं, थकवा जातो, गोळी बंद होते. साठा मात्र रिकामाच राहतो आणि पुढच्या चार-सहा पाळ्यांत गाडी पुन्हा तिथंच. आकडा बरोबर झाल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवायची ती याचसाठी.

पोटाच्या तक्रारी खऱ्या आहेत, त्या नाकारून उपयोग नाही. मळमळ, छातीखाली जळजळ, बद्धकोष्ठ, कधी जुलाब. शौचाला काळं होणं ही मात्र तक्रार नव्हे. न जिरलेल्या लोहाचा तो रंग आहे. डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं काळं शौच झालं तर गोष्ट निराळी, ते पोटातलं रक्त असू शकतं. मळमळ फार असेल तर पहिले आठ दिवस जेवणासोबत घ्या. थोडं कमी जिरेल, पण सवय होईल. मग हळूहळू जेवणापासून दूर न्या. तरीही सोसत नसेल तर दिवसाआड घेण्याचा पर्याय आहे. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते साधारण २४ तास पुढचं लोह आत येऊ देत नाही. म्हणून दिवसाआड घेतलेल्या गोळीतला जास्त हिस्सा जिरतो. गरोदर नसलेल्या बायांना हे डॉक्टरांना विचारून करता येईल. गरोदर बाईनं मात्र स्वतःच्या मनानं नागा करू नये.

वाटपाच्या व्यवस्थेला जेमतेम म्हटलं, त्याचं पहिलं कारण तपासणी. उपकेंद्रात बोटाला टोचून डिजिटल यंत्रावर हिमोग्लोबिन बघतात. यंत्र बरं असतं, घाई वाईट असते. थंड किंवा ओलं बोट, पहिलाच थेंब, थेंब येईना म्हणून बोट पिळणं. पिळलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. रीत अशी: बोट कोमट आणि कोरडं, बाजूला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा आपोआप आलेला थेंब पट्टीवर एकदाच भरायचा. उपचार ठरवायचा तर एकदा तरी शिरेतून रक्त घेऊन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची पूर्ण मोजणी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून ती होते. राज्य आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, म्हणजे संभाजीनगरची घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, वेगळ्या खात्याची. तिथली फी आधी विचारून घ्या.

सीबीसीच्या कागदावर नुसतं हिमोग्लोबिन बघून घडी घालू नका. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ८० च्या खाली म्हणजे पेशी बारीक झाल्या; लोहाची कमतरता असेल तर असं होतं. पण एमसीव्ही खूप कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर असेल, तर एमसीव्हीला त्या (दशलक्षातल्या) संख्येनं भागा. भागाकार १३ च्या खाली आला तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची शंका घ्यावी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एचपीएलसी तपासणी करावी. अशा माणसाला लोहाची कमतरता नसताना वर्षानुवर्षं गोळ्या चारून काही होत नाही. किनवट-माहूर भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही डोक्यात ठेवा. एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी-१२ बघा; माळकरी, शाकाहारी घरांत ही कमतरता मुबलक आहे आणि लाल गोळीत बी-१२ नसतं. शंका उरली तर फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी करा. ते ३० च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपत आला, असं धरून चालतात. अंगात ताप किंवा सूज असताना मात्र फेरिटिन खोटं वाढतं.

गोळी नीट चालू असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ने वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी बदलण्याआधी रक्त कुठं जातंय ते शोधा. पाळीत सात दिवसांहून जास्त जाणं, गाठी पडणं, दर दोन तासांनी कापड बदलावं लागणं, मूळव्याध, पोटातला अल्सर, रोजची सांधेदुखीची गोळी. अनवाणी शेतात राबणाऱ्यांना हूककृमी. त्यासाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी (गरोदर बाईला पहिले तीन महिने सोडून). मुलांना ती १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास शाळा-अंगणवाडीत मिळते. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी निघालं, तर कारण सापडेपर्यंत स्वस्थ बसायचं नाही. आतड्याचा कर्करोग कधी कधी असाच पहिल्यांदा कळतो.

बीड, परभणी, धाराशिवच्या ऊसतोड बायांसाठी ही व्यवस्था सगळ्यात तोकडी पडते. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, महिन्याला तीस गोळ्या देणारं उपकेंद्र मागं राहतं. निघायच्या आधी सिस्टरला गाठून पूर्ण हंगामाच्या गोळ्या एकदम मागून घ्या आणि माता-बाल कार्ड सोबत ठेवा. कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्रात ते दाखवून पुढची तपासणी करता येते. पाळीत फार जातं म्हणून थेट गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळाला तर आधी सोनोग्राफी आणि सरकारी स्त्रीरोग तज्ज्ञाचं दुसरं मत घ्या. औषधांनी थांबणारा रक्तस्राव पुष्कळ असतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली ती उगीच नव्हे.

सलाईनमधून देतात ते 'लाल औषध', म्हणजे शिरेतून दिलेलं लोह, ही याच सेवेची पुढची पायरी. हिमोग्लोबिन ५ ते ६.९ असलेल्या गरोदर बाईला, गोळी अजिबात न सोसणाऱ्यांना, किंवा बाळंतपण तोंडावर आलं असताना गोळीनं वाढायला वेळ उरला नसेल तेव्हा ते द्यायचं. पहिल्या तीन महिन्यांत नाही. ५ च्या खाली गेलं तर भरती आणि रक्त. औषधं दोन. आयर्न सुक्रोज: २०० मिलिग्रॅम १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, दिवसाआड, आठवड्यात ६०० पर्यंत. वरच्या ९८० च्या हिशोबाला पाच खेपा होतात, आणि वाडीवरून तालुक्याला पाच वेळा येणं म्हणजे पाच रोज बुडाले. तिसऱ्या खेपेनंतर बाई येत नाही ती यामुळे. दुसरं एफसीएम, म्हणजे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज: एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत, पाऊण-एक तासात काम उरकतं. जिथं निवड करता येते तिथं एफसीएमच मागावं. सुई शिरेबाहेर सरकली तर चामडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून जळजळ होताच लगेच सांगा. दिल्यावर अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं पाहिजे. खुर्ची रिकामी करा म्हणून घाई करणारा दवाखाना असेल तर उठू नका. आणि एका सलाईनवर 'ताकद आली' म्हणून खूश होऊन घरी जाणाऱ्यांनी बाटलीत काय होतं ते विचारावं. साध्या ग्लुकोजच्या बाटलीत लोहाचा कणही नसतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण गुळाच्या खड्यात लोह मिलिग्रॅमभरसुद्धा नसतं आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरतात. बीट आणि डाळिंब लाल आहेत, एवढंच. त्यापेक्षा कारळाची चटणी, तीळ, हरभरा, मटकीची मोड आलेली उसळ आणि वर लिंबू. खाणाऱ्यांसाठी काळीज आणि रक्ती यांच्या तोडीचं काही नाही. मांसातलं लोह भाकरी-भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी चांगलं जिरतं. अंबाडी किंवा चुका लोखंडी कढईत शिजवला तर आंबटपणानं कढईचं थोडं लोह भाजीत उतरतं. हे सगळं रक्त टिकवायला आहे. ८ वरून १२ वर न्यायला गोळीच लागते.

पाकीट घेताना मुदत बघा. सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या तर पाकीटच मागा, कारण दमट हवेत गोळीवरचं कवच फुटतं आणि आतलं लोह गंजतं. डाग पडलेली, चिकट झालेली गोळी टाकून द्या. चुलीजवळच्या कोनाड्यात किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, मे महिन्यात तिथं भट्टी होते. आणि जागा लेकरांच्या हाताबाहेरचीच हवी. लाल, गुळगुळीत गोळी पोरांना चॉकलेट वाटते. १० किलोच्या लेकराच्या पोटात तीन-चार गेल्या तरी विषबाधा होऊ शकते आणि दहा जिवावर बेततात. उलटी-जुलाब होऊन मधे काही तास लेकरू बरं दिसतं, त्यावर विसंबू नका. गेल्याचा संशय आला तरी घरी उलटी करवण्यात वेळ न घालवता थेट मोठ्या दवाखान्यात न्या, आणि रिकामं पाकीट सोबत घ्या, म्हणजे किती गोळ्या गेल्या ते डॉक्टरांना मोजता येईल.